बबनभाऊंचं आयर्लंडचं वर्ष

मंचरच्या बाजारपेठेत बबनभाऊंच्या दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ आहे. ते उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं आणि थंडीत साडेपाच तास. दुकानात पहिल्यांदा शिरणारा प्रत्येक माणूस, हातातला रिमोट काउंटरवर ठेवायच्या आधी, "भाऊ, घड्याळ बंद पडलंय तुमचं," असं सांगतो. बबनभाऊ मान वर न करता म्हणतात, "बंद न्हाई. ते बरोबर हाय. आपण पुढं हाय."

यावर काही जण आपलं मनगट बघतात, काही जण माझ्याकडे बघतात. मी शेजारच्या दुकानात बसते, त्यामुळे बबनभाऊंचं स्पष्टीकरण देण्याचं काम कुणी न सांगता माझ्याकडे आलेलं आहे.

माझं भांड्यांचं दुकान. आम्ही मूळचे राजस्थानातले, पण ते आजेसासऱ्यांच्या वेळचं. मला मारवाडीत धड भांडता येत नाही, मराठीत येतं. माझे यजमान गेले तेव्हापासून दुकान मीच बघते. दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला आहेत, रविवारी फोन करतात, तब्येत विचारतात आणि ठेवतात. बाजार मला भाभी म्हणतो. माझा स्वभाव तापट आहे हे मी वेगळं सांगायला नको, बाजार सांगेलच.

बबनभाऊ मूळचे लोणीचे. टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्यांनी मंचरला टाकलं त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. आख्ख्या आंबेगाव तालुक्यातल्या टीव्हीची पोटं त्यांनी उघडून पाहिलेली आहेत. पण गंमत अशी की या माणसाने जन्मात कधी टीव्ही बघितला नव्हता. "टीव्ही बघायचा नसतो भाभी, तपासायचा असतो," असं ते म्हणायचे. क्रिकेटची फायनल चालू आहे, दुकानासमोर शंभर माणूस उभं आहे, आणि हे सेटच्या मागे बसून कुठून घूंऽऽ आवाज येतो ते ऐकतायत. कोण जिंकलं असं विचारलं तर म्हणाले, "ते न्हाई म्हाईत. कलर जरा लाल मारत व्हता, तो बसवला."

जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना टीव्हीच्या भाषेतच कळतात. कुणाची तब्येत सुधारली की "आता पिक्चर क्लिअर हाय." माझ्या भाचीसाठी एक मुलगा बघायला मी त्यांना बरोबर नेलं होतं. मुलगा देखणा, पण तासभरात एक शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "पिक्चर लई झ्याक हाय, साउंड न्हाई. तुमच्या घरात साउंडशिवाय न्हाई भागायचं." ते लग्न जमलं नाही. बरं झालं.

या भाऊंना एकच मुलगी, अश्विनी. ती दहावीत असताना तिची आई गेली. त्यानंतर बापलेकीनं एकमेकांना धरून दिवस काढले. पोरगी नर्सिंग शिकली आणि एक दिवस आयर्लंडला नोकरी लागली म्हणून निघूनच गेली. तिथल्या एका लहान गावात वृद्धांना सांभाळायचं घर आहे, तिथं. आयर्लंड कुठे आहे हे बाजारात कुणालाच माहीत नव्हतं. भाऊंनी नकाशा आणून लावला तेव्हा कळलं की ते इंग्लंडच्या पलीकडे आहे. "म्हंजे लई लांब न्हाई, इंग्लंड सोडलं की लगेच," असं ते प्रत्येकाला सांगत होते.

महिन्याभराने भाऊ माझ्या दुकानात आले आणि कळशीवर बोट फिरवत उभे राहिले. मी म्हटलं, "काय झालं ते बोला, कळशी घ्यायची नाही तुम्हाला."

"पोरगी रडत व्हती फोनवर," ते म्हणाले. "तिथली मोठी मॅडम म्हणली, काम चांगलं हाय, पण तू बोलत न्हाईस. म्हाताऱ्या माणसांना गोळ्या नंतर लागत्यात, बोलायला माणूस आधी लागतं. सहा म्हैनं बघू, न्हाई जमलं तर परत जा. पिक्चर हाय, साउंड न्हाई, आसंच झालं की हे."

अश्विनी लहानपणापासून मुखदुर्बळ. माझ्या दुकानात येऊन अर्धा तास उभी राहायची आणि चमचा पाहिजे हे सांगायची नाही. मला मनातून वाटलं की पोरगी काही टिकत नाही. बाजारालाही तेच वाटत होतं, आणि बाजार ते मोठ्याने बोलत होता. भाऊ मात्र म्हणायचे, "टिकल."

आणि त्याच महिन्यात, जानेवारीत, भाऊंचं डोकं फिरलं.

एका सकाळी बघते तर दुरुस्तीला आलेले सगळे सेट बाजूला सारून भाऊंनी दुकानाच्या मधोमध स्वतःचा एक टीव्ही मांडलेला, त्याला इंटरनेट जोडलेलं, आणि हा कधी टीव्ही न बघणारा माणूस चष्मा लावून, मांडीवर जाडजूड वही घेऊन समोर बसलेला. पडद्यावर एक गोरी बाई हिरव्या नकाशावर हात फिरवत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"आयर्लंडचं कालचं हवामान."

"काल होऊन गेलेलं?"

"तिथं आजून आज उजाडलंच न्हाई भाभी," भाऊ म्हणाले आणि लिहायला लागले.

त्या दिवसापासून भिंतीवरचं घड्याळ तिथल्या वेळेला लावलेलं, आणि रोज सकाळी सात ते नऊ आयर्लंडचा टीव्ही. आदल्या दिवशीच्या बातम्या, हवामान, शेतीचा कार्यक्रम, आणि एका गल्लीतल्या खाणावळवाल्या घराची न संपणारी मालिका. जे इकडे दिसेल ते सगळं. इंग्रजी त्यांना सर्किटच्या पुस्तकापुरतं येत होतं, म्हणून खाली अक्षरं लावायची, शब्द अडला की थांबवायचं, डिक्शनरी बघायची आणि पुढे जायचं. वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'आयर्लंड टीव्ही, वर्ष पहिले.'

ती वही मी वाचलेली आहे. एखाद्या देशाच्या टीव्हीचा इतका बारीक इतिहास त्या देशातही कुणी लिहिला नसेल. बातम्यावाल्या बाईने केस कापले, नोंद. हवामानवाल्याची सुट्टी, बदली माणूस घाबरतो, नोंद. संध्याकाळी सहाला एक मिनिट नुसती चर्चची घंटा वाजते आणि कुणी काही बोलत नाही, याची नोंद रोज. पहिल्या दिवशी दोन टोल्यांच्या मधे त्यांना वाटलं साउंड गेला, म्हणून त्यांनी मागचं झाकण उघडलं होतं. मार्चमध्ये तिथं कसलीशी मिरवणूक निघते आणि सगळे नखशिखांत हिरवे कपडे घालतात. भाऊंनी पाऊण तास टीव्हीचा हिरवा रंग कमी करण्यात घालवला. वहीत लिहिलंय: 'सेट बरोबर आहे. माणसंच हिरवी आहेत.'

आयर्लंडमध्ये एक वाहिनी तिथल्या जुन्या भाषेतली आहे. त्यातलं भाऊंना अक्षर कळत नव्हतं, तरी ते बघायचे. म्हणायचे, "ती बी आपल्यावानीच हायती. कचेरीत एक बोलत्यात आन घरात एक."

बाजार हसायचा. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. भाजीवाली पण विचारायची, "भाऊ, तिकडं छत्री लागल का आज?" आणि भाऊ गंभीरपणे सांगायचे, "पश्चिमेला लागल." मला त्यांचा राग यायचा. पोरगी तिकडे एकटी रडतेय आणि बाप इथं मालिका बघतोय, असं वाटायचं. त्यात दुपारी अर्धं शटर ओढून वीस मिनिटं झोपायची नवी सवय. तीही धड नाही, थंडीत एक वाजता आणि उन्हाळ्यात बाराला. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन विचारणार, भाऊ कुठे गेले म्हणून.

जुलैत तर कहर झाला. महाळुंगे पडवळचे सोपानराव रिमोट दुरुस्त करायला आले होते. त्यांचा दोन एकर बटाटा उभा होता. भाऊ सकाळचा हवामानाचा कार्यक्रम बघून नुकतेच उठले होते. ते म्हणाले, "सोपानराव, बटाट्यावर करपा येणार हाय. टीव्हीवर सांगितलंय. दोन दिसात फवारा."

टीव्हीवर सांगितलंय म्हटल्यावर सोपानराव रिमोट तिथंच टाकून गेले. त्यांनी फवारलं, भावकीला सांगितलं, भावकीनं फवारलं. आख्ख्या वस्तीनं पाठीवर पंप बांधले. दुसऱ्या दिवशी गावात कृषी खात्याचा माणूस आला आणि म्हणाला, असं काही आम्ही सांगितलेलं नाही.

सोपानराव तडक दुकानात. "राव, कंच्या टीव्हीवर सांगितलं व्हतं?"

"आयर्लंडच्या," भाऊ म्हणाले. "तिथं बी बटाटा लई हाय. करप्याचं टीव्हीवरच सांगत्यात."

सोपानराव बाकड्यावर बसले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे मी आयर्लंडचा करपा मारला व्हय?"

त्यांच्या तोंडून पुढे जे आलं ते मी इथे लिहीत नाही. पण त्याच आठवड्यात चार दिवस धुकं आणि भुरभुर लागली. शेजारच्या शिवारातला बटाटा काळा पडला आणि सोपानरावांच्या वस्तीतला हिरवागार राहिला. तेव्हापासून सोपानराव दर सोमवारी येतात, चहा मागवतात आणि विचारतात, "काय म्हणतंय आयर्लंड?" खुळ्याला एक खुळा भेटला म्हणून मी कपाळावर हात मारून घेतला.

दरम्यान अश्विनीचे सहा महिने संपले होते. मॅडम म्हणाली, फरक दिसतोय, अजून तीन महिने बघू. भाऊ एवढंच बोलले, "सिग्नल धरायला लागलंय."

ऑगस्टमध्ये एक दिवस भर बाराला माझ्या दुकानातला पंखा बंद पडला. उकाड्याने जीव नकोसा झाला. भाऊंचं शटर अर्धं खाली होतं. झोपलेत तर झोपू देत, मी उठवणार, असं ठरवून मी गुडघ्यावर हात ठेवून खालून आत वाकले.

भाऊ झोपलेले नव्हते. शाळेत धडा वाचायला उभं करतात तसे ताठ उभे होते. एका हातात वही, समोर पाना टेकवून उभा केलेला फोन. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजले होते. फोनमधून अश्विनीचा आवाज येत होता, "बोला अण्णा, आठला ड्यूटी आहे."

भाऊ वाचत होते, "मालिका. खाणावळवाल्याच्या थोरल्या पोराचं लग्न मोडलं. बारा नंबरच्या खोलीतल्या आजीला इचार, चूक कुनाची. ती पोराच्या बाजूनं आसल. आपण वाद घालायचा न्हाई, नुसतं 'पण पोरीनं काय करावं' आसं म्हणायचं, मंग ती अर्धा तास बोलती. सात नंबरच्या बाई: बातम्यावाली परत आली, निळा झगा. त्यांना तो आवडला नसंल. हवामान: पाऊस, मंग ढग, मंग पाऊस. चार नंबरच्या बाबाला सांग, गवत कापायला शुक्रवार बरा."

"अण्णा, त्यांच्याकडे आता गवत नाही. शेत कधीच गेलं. ते खुर्चीतून उठत पण नाहीत."

"आसू दे," भाऊ म्हणाले. "तू सांग. शेतकऱ्याला शेत नसलं तरी हवामान लागतं."

मी अर्धवट वाकलेली तशीच बाहेर आले. पंख्याचं बोललेच नाही. गल्ल्यावर बसून मला रडू आलं, आणि त्यात रागही आला, की आठ महिने शेजारी बसून आपल्याला एवढं कळू नये. ज्या पोरीला बोलायला सुचत नाही, तिच्यासाठी बाप रोज सकाळी विषय गोळा करत होता. एका देशाचा सगळा टीव्ही उपसून, पोरीची सकाळ होते तेव्हा तिच्या हातात ठेवत होता. बाजार त्याला हसत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी मी पापड भाजून नेले आणि म्हटलं, "भाऊ, मी दुपारी ऐकलं."

ते जरा लाजले. "आपल्याकडं मयताला गेलं तरी माणूस आधी पाऊसपाण्याचं बोलतो," ते म्हणाले. "तिथं बी तसंच हाय. आधी हवामान, मंग काल टीव्हीवर काय झालं. एवढं आलं की माणूस आपला हुतो. पोरीला ड्यूटी करून टीव्ही बघायला टाइम न्हाई. मला काय, मी तर टीव्हीवालाच."

सप्टेंबरच्या शेवटी कळलं. अश्विनीला कायम केलं होतं. मॅडम म्हणाली, घरातली अर्धी माणसं सकाळी हिचीच वाट बघतात. भाऊंनी पेढे वाटले नाहीत. स्टुलावर चढून घड्याळाला नवा सेल घातला आणि खाली उतरून म्हणाले, "पिक्चर क्लिअर हाय."

ऑक्टोबर गेला, तिकडे थंडीत वेळ तासभर मागे घेतात म्हणून घड्याळाचे काटे मागे गेले, डिसेंबरमध्ये वही भरत आली. शेवटच्या दिवशी भाऊंनी वर्षाचा आढावा लिहिला. मालिकेत लग्नं दोन, मोडलेली एक. पावसाचे दिवस मोजायचा प्रयत्न सोडून दिला आहे. घंटा रोज वेळेवर. मग त्यांनी नवी वही घेतली आणि 'वर्ष दुसरे' असं लिहिलं.

दोन दिवसांनी दुपारी एकला बघते तर शटर पूर्ण उघडं. भाऊ काउंटरवर नुसते बसलेले. समोर टीव्ही बंद.

"आज वाचन नाही?"

"अश्विनी म्हणली, अण्णा आता पुरं. आता मला येतंय बोलायला. मी बी बघती थोडं, त्यांच्यासंगं बसून. तुमी सकाळी आराम करा." भाऊ हसले. "लई गोड बोलली. बोलायला शिकली पोरगी."

मग मी वर पाहिलं. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. आपली वेळ, बरोबर वेळ. वर्षभर त्या घड्याळावरून मी गिऱ्हाइकांशी डोकं फोडलं होतं, आणि आता ते बरोबर चालताना बघून मला गलबलून आलं. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "आता काय करायचंय त्या टायमाचं."

पुढचे आठ दिवस भाऊ रिमोट उघडत होते आणि लावत होते. सोपानराव सोमवारी आले, आयर्लंड काय म्हणतंय विचारलं, आणि उत्तर न मिळाल्यामुळे चहा अर्धा टाकून गेले. मी दोन वेळा काही तरी काढून भांडून पाहिलं. भाऊ भांडलेही नाहीत. चांगलं झालं होतं सगळं, पोरगी टिकली होती, आणि तरी त्या दुकानात बसवत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी साडेतीनला मी चहा घेऊन गेले होते, तेव्हा फोन वाजला. व्हिडिओचा फोन. अश्विनी ड्यूटीच्या कपड्यात होती. तिच्या मागे मोठी खोली, खिडकीबाहेर पाऊस, आणि खुर्च्यांवर आठ-दहा म्हातारी माणसं. सगळी फोनकडे तोंड करून बसलेली. एक बारीक म्हातारा टोपी हलवत होता. तो काही तरी लांबलचक बोलला.

"अण्णा, हे चार नंबरचे बाबा," अश्विनी म्हणाली. "विचारतायत, सोपानरावांच्या नव्या बटाट्याला करपा तर नाही ना आला?"

भाऊंनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "ह्यांना सोपानराव कसा म्हाईत?"

"मीच सांगायचे ना. तुमचं सगळं सांगून झालं की ते मला विचारायचे, तुझ्या गावात काल काय झालं. मग तुम्ही फोनवर मधेमधे जे बोलायचा, तेच मी सांगायचे. करप्याची गोष्ट तर चार वेळा सांगितलीय. आठ दिवस झाले, माझ्याकडे सांगायला काहीच नाही. मी टीव्ही नको म्हणाले अण्णा, तो इथं दिसतोच. मंचर कुठं दिसतं इथं? मला वाटलं, रोज सकाळी दोन-दोन तास बसता, तुम्हाला त्रास होतोय. ही माणसं माझ्यावर रागावलीत. आणि बारा नंबरच्या आजी विचारतात, भाभी अजून भांडतात का?"

मी फोनसमोर वाकले. बारा नंबरच्या आजीने मला पाहिलं आणि हात वर केला. मीही केला.

भाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि फोनची काच पुसायला लागले. एकदा पुसली, दोनदा पुसली. "पिक्चर क्लिअर न्हाई," ते म्हणाले. मी शेजारीच उभी होते. चित्र अगदी स्वच्छ होतं, त्या बाबांच्या टोपीवरची वीण दिसत होती.

फोन झाल्यावर भाऊ स्टुलावर चढले आणि घड्याळ साडेपाच तास मागे नेलं. खाली उतरून नवी वही उघडली. 'आयर्लंड टीव्ही, वर्ष दुसरे' यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मंचर, वर्ष पहिले.' मग चष्मा लावला, पेन धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बोला भाभी. आज तुमच्या दुकानात काय झालं?"

"काय व्हायचंय," मी म्हटलं. "रोजचंच."

"रोजचंच पायजेल," भाऊ म्हणाले आणि पेन तसंच धरून थांबले.

आज काय झालं, असं मला यजमान गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. मी बाकडं ओढलं आणि बसले. सकाळी लोणीचं एक नवं जोडपं पातेलं घ्यायला आलं होतं, आणि त्याला मोठं हवं होतं नि तिला लहान. तिथून सुरुवात केली.